पोरांना घेऊन करवंदांना जायचं तर

दर मे महिन्यात माझ्या माहेरी, रत्नागिरी जिल्ह्यात, पोरांची फौज जमते. चार वर्षांपासून नऊ वर्षांपर्यंतची. आल्याच्या दुसऱ्या दिवशीच कोणीतरी म्हणतं की करवंदांना जाऊया, आणि मग मोठ्यांपैकी एक कोणीतरी बळीचा बकरा होतो. गेली काही वर्षं ती मी आहे. पहिल्या वर्षी मी सगळं चुकवलं होतं. चहा-घावणे-गप्पा करून आरामात नऊ वाजता निघाले, पोरं हाफ पँट आणि चपलांवर, सगळ्यांत मिळून पाण्याची एक बाटली. साडेदहाला माझा धाकटा सड्याच्या, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळी माळाच्या, मधोमध बसला आणि म्हणाला मला उलटी होतेय, आणि झाली पण. तिथून घरापर्यंत त्याला कडेवर घेऊन यायला पाऊण तास लागला आणि वाटेत एक झाड नाही. म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी फळ ठरवा. लोक म्हणतात मुलांना आंबे काढायला न्या. अहो पण आंबा काढताना मूल करणार काय? झेला लावलेली लांब काठी मोठ्या माणसाच्या हातात, मूल खाली मान वर करून उभं, आणि त्याच मानेवर आंबा पडायची भीती. शिवाय देठातून उडणारा चीक कातडीला लागला तर भाजल्यासारखा डाग पडतो, माझ्या भाच्याच्या ओठाच्या कोपऱ्यावर आठ दिवस होता. जांभूळ बहुतेक ठिकाणी मेच्या शेवटी नीट पिकायला लागतं, आणि जांभळीची फांदी ठिसूळ, काडकन मोडते, त्यामुळे चढायचा प्रश्नच नाही, खाली चादर धरून उभं राहायचं. काजूचा हंगाम मेमध्ये संपत आलेला असतो, बोंडू मुलांना आवडतात पण त्याला लटकलेली बी हा खरा धोका आहे. ओल्या काजूच्या सालीतल्या तेलाने कातडी जळते, आणि मुलांना ती बी दाताने फोडून बघायची भारी हौस. करवंदाचं मात्र तसं नाही. करवंदीची जाळी मुलाच्या छातीएवढी, कधी डोक्याएवढी, म्हणजे चार वर्षांचं पोर स्वतःच्या हाताने, कोणी उचलून न घेता फळ तोडू शकतं. मला तरी दुसरं कुठलं रानफळ असं माहीत नाही. तोरणं आहेत पण ती मिळायला नशीब लागतं.

दिवस कधीचा? करवंदीला फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरी वासाची फुलं येतात, एप्रिलभर हिरवी कच्ची फळं असतात आणि मेचा पहिला-दुसरा आठवडा उजाडला की काळी व्हायला लागतात. मेच्या मध्याला सगळ्यात भरात. वळवाची एखादी सर पडून गेली की फळ टम्म फुगतं, पण पाऊस जोराचा सुरू झाला की पाणचट होतं आणि आत किडे निघतात, मग नको. आदल्या दिवशी गावातल्या कोणाला तरी विचारा की यंदा कुठल्या अंगाला लागलीयत, कारण वणवा गेलेल्या बाजूला काही नसतं आणि उगाच पोरांची पायपीट होते.

विचारायचं अजून एका कारणासाठी. सडा म्हणजे कोणाचाच नाही असं शहरातून आलेल्याला वाटतं, पण बहुतेक सडा कोणाचा ना कोणाचा असतो, सामायिक असतो, गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, घातलेला असेल तर नक्कीच कोणाचा तरी. गावात करवंदांना सहसा कोणी नाही म्हणत नाही. "काकी, तुमच्या वरच्या अंगाला पोरांना नेऊ का" एवढं विचारलं की "न्या की, आणि कच्ची पण आणा थोडी लोणच्याला" असं उत्तर येतं. देवराईतलं मात्र काही तोडायचं नाही, तिथे फक्त सावलीला बसायचं. आणि स्टँडवर पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन "डोंगरची काळी मैना" म्हणून बसणाऱ्या बायका पहाटे याच जाळ्यांवर येतात, त्यांची ती महिनाभराची कमाई असते, तर एकच जाळी ओरबाडून रिकामी करू नका. चार पोरांना खाऊन वर एक रोवळी, बास झालं.

आदल्या रात्रीची तयारी

रात्रीच सगळं काढून ठेवा, पहाटे पाच वाजता कुठल्याही पोराचा दुसरा मोजा सापडत नाही हा नियम आहे. कपडे पातळ सुती, पण पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण पँट. उकडतं म्हणून मुलं कुरकुर करतात पण करवंदीचे काटे जोडीजोडीने असतात, चांगले कडक, उघड्या पिंढरीवर ओरखडा आला की पुढची करवंदं विसरा, रडणं सुरू. रंग फिका पण पांढरा नको, आणि जुनेच कपडे, कारण जांभळा डाग जात नाही. मी आता शाळेचे जुने पीटीचे ट्रॅक पँट याच कामाला ठेवलेत. पायात बूट आणि मोजे. चपला नाहीत, क्रॉक्स तर अजिबात नाहीत, त्यांच्या भोकांतून काटा जातो आणि कातळावर सटकतात. कॅपपेक्षा चारी बाजूंनी कड असलेली टोपी बरी, मान झाकली जाते. सनस्क्रीन लावत असाल तर निघायच्या अर्धा तास आधी, नाहीतर घामाने वाहून डोळ्यात जातं.

पिशवीत काय: प्रत्येक मुलामागे निदान अर्धा लिटर पाणी, मोठ्यांचं वेगळं. ज्याची बाटली त्याच्या खांद्याला, जड झाली की तुमच्याकडे येणारच आहे. एका बाटलीत कोकम सरबत, साखर आणि मीठ घातलेलं. ओआरएसचं एक पाकीट. खोबरेल तेलाची छोटी बाटली, ही विसरायची नाही, कशाला ते पुढे सांगते. चिमटा, दोन-चार बँडेज, एक ओला पंचा प्लास्टिकच्या पिशवीत. एक आकडी, म्हणजे टोकाला आकडा असलेली काठी. फळं ठेवायला प्रत्येक पोराला स्वतःचं काहीतरी हवं, स्टीलचा डबा नको, तापतो आणि पडला की खणखणतो, आम्ही छोट्या परड्या देतो किंवा वाटेत पळसाच्या पानाचा खोला करून देतो. पान गुंडाळून काडीने टोचायचं, दोन मिनिटांत होतो. नऊ वर्षांची पोरगी आता स्वतः करते आणि बाकीच्यांना विकते, एक खोला दोन करवंदं.

मोबाईलला सड्यावर कधी रेंज असते कधी नसते, म्हणून घरी सांगून जा की कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजता परत. मोठी माणसं किती? दोन लहानांमागे एक, सहा वर्षांखालचं असेल तर त्याला स्वतंत्र हात. एक गावातला माणूस बरोबर असला तर उत्तमच, आमच्याकडे दादा येतो.

सकाळ

मेच्या मध्याला तिकडे सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. आम्ही पावणेसहाला उठवतो, दूध आणि अर्धी पोळी किंवा केळं एवढंच देतो, रिकाम्या पोटी आंबट फळं खाल्ली की पोटात दुखतं आणि पोट भरून चाललं की उलटी होते, दोन्ही अनुभवून झालंय. सव्वासहाला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढायला लागायचं. जाळीपर्यंतची वाट वीस मिनिटांची असावी, लहान पोरांसाठी त्याहून लांब नको. साडेआठला तोडणं थांबवायचं, फळं राहिली असली तरी, आणि नऊच्या आत घरात.

ही नऊची वेळ मी भांडून पाळते. कोकणात पारा चौतीस-पस्तीस दाखवत असतो आणि पुण्याचे लोक म्हणतात, हॅ, आमच्याकडे चाळीस आहे. पण इथली हवा दमट, घाम येतो आणि वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी सपाटीवर ४० अंश धरतं आणि किनारपट्टीवर ३७, ते उगाच नाही. त्यात सडा म्हणजे काळाभोर कातळ, नऊनंतर खालून तव्यासारखा भाजतो. आपल्या तोंडाशी हवा जरा बरी असते, पण चार वर्षांच्या पोराचं तोंड त्या कातळापासून तीन फुटांवर असतं हो. एकदा गुडघे टेकून त्यांच्या उंचीवर चेहरा आणून बघा, लगेच कळेल.

पाणी मागायची वाट बघायची नाही. खेळात मुलांना तहान कळत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी मी शिट्टी वाजवते, सगळ्यांनी चार घोट प्यायचे, मग पुढे.

जाळीपाशी

पहिला हात मोठ्या माणसाचा. जाळीपाशी पोचलं की पोरांना चार पावलं मागे उभं करून काठीने जाळी बडवायची, खालचा पालापाचोळा हलवायचा, आणि एक मिनिट थांबायचं. कारण फुरसं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कातळाच्या फटीत, दगडाखाली, वाळक्या पानांत हा साप असतो, छोटा, मातकट, पटकन दिसत नाही. छेडला की वेटोळं करून खवले एकमेकांवर घासून करकर असा आवाज काढतो. मुलांना तीन गोष्टी पाठ करून घ्या: दगड उचलायचा नाही, गडग्यावर बसायचं नाही, आणि खाली पडलेलं करवंद उचलायचं नाही. तिसरी पाळायला सगळ्यात अवघड. फांदीवर तांबडे हुमले, म्हणजे कडकडून चावणाऱ्या मुंग्या, फिरताना दिसले तर ती जाळी सोडून पुढची बघायची, आणि वर झाडाला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर त्या बाजूला आवाजसुद्धा नको.

आता तेल. तोडायला सुरुवात करायच्या आधी सगळ्यांच्या बोटांना आणि ओठांना खोबरेल तेल चोळायचं, फणस कापताना विळीला आणि हाताला लावतो तसंच. करवंद तोडलं की देठाशी दुधासारखा पांढरा चीक येतो, तो वाळला की बोटं एकमेकांना चिकटतात आणि ओठांवर काळी पुटं बसतात, ती नुसत्या पाण्याने जात नाहीत. मुलं मग तोच हात डोळ्याला लावतात. तेल असलं की चीक बसतच नाही. हे मला आईने चौथ्या वर्षी सांगितलं, आधी का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणे तू विचारलं नाहीस.

तोडायचं कसं हे शब्दांत सांगायला जरा अवघड आहे, दाखवून पटकन कळतं. फळं फांदीच्या टोकाकडे घोसाने असतात, काटे पेरापेरावर बाहेर तोंड करून. मूल सरळ समोरून मूठ घालतं आणि बोचकारून घेतं. हात खालून न्यायचा, दोनच बोटांनी, अंगठा आणि तर्जनी, आणि ओढायचं नाही, किंचित पिळायचं. पिकलेलं करवंद हात लावताच सुटतं, सुटत नसेल तर ते तयार नाही, पुढचं बघ. एवढं एक वाक्य मुलांच्या डोक्यात बसलं की अर्धे ओरखडे वाचतात. जाळीच्या आतलं फळ दिसतंच आणि तेच हवं असतं, त्याला आकडीने मोठ्याने फांदी बाहेर ओढून धरायची, आणि मूल पूर्ण मागे सरकल्याशिवाय सोडायची नाही. मी एकदा बोलता बोलता सोडली, भाच्याच्या कानावर सपकन बसली.

कुठलं पिकलं? पूर्ण काळं, जरा मऊ, वर लाली नाही. तांबूस काळं म्हणजे गाभुळलेलं, आंबट असतं पण काही पोरांना तेच आवडतं. तोडल्यावर देठाकडची बाजू पानावर टेकवून चीक पुसायचा, मग खोल्यात.

आणि खेळ तर होणारच. करवंद चावायच्या आधी विचारायचं, कोंबडा की कोंबडी? आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. याच्यावर आमच्याकडे हाणामाऱ्या झाल्यात. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खं करवंद देऊ नका, दोन बोटांत दाबून बिया काढून गर द्यायचा, आणि धावताना कोणीच खायचं नाही, बसून खायचं. किती खाऊ द्यायची? मी पंधरा-वीसला थांबवते. दादा म्हणतो आम्ही परडीभर खायचो, आणि आई म्हणते हो, आणि दुसऱ्या दिवशी परसाकडून उठायचा नाहीस ते पण सांग.

एक कडक नियम मात्र आहे, आमच्यात कोणी मोडत नाही. करवंद सोडून रानातलं काहीही मोठ्याला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. करवंदीच्या कुळात कण्हेर पण येते, तिलाही पांढरा चीक, आणि ती विषारी. काजऱ्याची फळं छोट्या संत्र्यासारखी गोंडस दिसतात, आतल्या बिया जहर. गुंजा लाल-काळ्या चकचकीत, मुलांना मण्यासारख्या वाटतात. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया खाऊन पोरं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. खाजखुजलीच्या शेंगा विषारी नाहीत पण त्यांची लव लागली की खाजवून खाजवून जीव जातो, तपकिरी मखमली शेंग दिसली की लांबूनच दाखवून ठेवा.

काही बिनसलं तर

ऊन लागायला लागलं की मूल आधी गप्प होतं किंवा उगाच चिडचिड करतं. चेहरा लाल, डोकं दुखतंय, मळमळतंय. यातलं एक जरी दिसलं तरी मोहीम बंद, सावलीत बसवायचं, टोपी-बूट काढायचे, ओला पंचा मानेवर आणि काखेत, आणि ओआरएस घोट घोट, गटागटा नाही. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायचं, अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूल बरळायला लागलं, झोपाळलं, अंग चटका बसेल इतकं तापलं तर तो उष्माघात, १०८ ला फोन करायचा, अंगावर पाणी ओतून वारा घालत राहायचं, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

काटा घुसला तर चिमट्याने ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने सरळ बाहेर ओढायचा, दाबून पिळायचा नाही, नाहीतर आत तुटतो. धनुर्वाताची लस वेळेवर झालीय ना हे गावाला यायच्या आधी कार्डावर बघून घ्या, पाच-सहा वर्षांचा बूस्टर बरेच जण विसरतात.

साप चावला तर दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. मुलाला चालवायचं नाही, उचलायचं, चावलेला भाग हलू न देता सरळ दवाखान्यात जिथे सर्पदंशाची लस असते. ती जवळ कुठे असते हे आदल्या दिवशीच विचारून ठेवायचं, त्या वेळी फोनाफोनी करत बसायला वेळ नसतो. विंचवाचं पण तसंच, लहान मुलाला लाल विंचू चावणं गंभीर असतं, दरदरून घाम आणि हातपाय गार पडले तर घरगुती उपाय करत बसू नका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं त्यामुळे कोकणातली कितीतरी पोरं वाचली, पण ते औषध वेळेत पोचलं तरच.

एवढं वाचून जाऊच नये असं वाटेल. आम्ही इतकी वर्षं जातोय, फुरसं एकदाच दिसलं, तेही लांबून. ऊन मात्र दर वर्षी कोणा ना कोणाला लागायला बघतं.

घरी आल्यावर

आधी खळ्यातच, म्हणजे अंगणात, बूट-मोजे काढून झटकायचे आणि अंगावर गोचीड आहे का बघायचं, कानामागे, काखेत, पँटच्या नाडीपाशी. तेल लावलेले हात साबणाने धुवायचे. मग मऊभात-मेतकूट-तूप, आणि दुपारी ही पोरं न सांगता झोपतात, हा या सगळ्याचा खरा फायदा.

करवंदं परडीत तशीच ठेवलीत तर संध्याकाळपर्यंत चिकट गोळा होतो. मिठाच्या पाण्यात अर्धा तास टाकायची, चीक निघतो, किडकी असली तर किडे वर येतात, दोनदा धुऊन पंचावर पसरायची. एक-दोन दिवसांत संपवायची. गाभुळलेल्यांचं सरबत, कच्च्यांचं लोणचं, नाहीतर खोबऱ्याबरोबर वाटून चटणी. जेली करायची असेल तर थोडी कच्ची घालाच, पेक्टिन कच्च्यात जास्त असतं, नुसत्या पिकलेल्यांची पटकन जमत नाही, माझं दोन वेळा सरबतच झालं. कपड्याचा डाग लगेच थंड पाण्यात, आणि तरी राहिला तर राहिला, म्हणूनच जुने कपडे सांगितले.

बिया टाकू नका. मुलांना जूनपर्यंत लक्षात राहत नाही म्हणून त्याच दिवशी, वाळू न देता, दुधाच्या पिशवीत माती भरून टोचायला द्या. आमच्या पुण्याच्या बाल्कनीत धाकट्याने लावलेलं एक आहे, तीन वर्षांत वीतभर वाढलंय. करवंद नाही आलं अजून. काटे आलेत, आणि कपडे वाळत घालताना रोज कोणाला तरी लागतात.